शिळा शेवट

सोमवार, ४ फेब्रुवारी

नवं घर, नवी नोकरी आणि नवी वही, तिन्ही एकदम. वही ठकीने दिली. धाकट्या बहिणीने थोरलीला रोजनिशी लिहायला लावावी हा उलटा कारभार झाला. पण तिचं म्हणणं असं, की दिवसभर दुसऱ्यांच्या लिहिण्याला नावं ठेवणार आहेस, तर रोज थोडं स्वतः लिही, म्हणजे पाय जमिनीवर राहतील. चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता हिची जीभही चांगली धारदार झाली आहे.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडे उघडणारं एकच दार. जिन्याचा कठडा लोखंडी आहे. वर हात आपटला की त्याचा आवाज थेट खालच्या फरशीपर्यंत जातो. ठकीने आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला आणि मला कपाटाशेजारचा दिला, तोही उपकार केल्यासारखा.

पहिल्यांदा कुलूप उघडताना तिने किल्ली चौकटीवर वाजवली आणि म्हणाली, घाबरू नका, मीच. ही बाबांची सवय. स्वतःकडे किल्ली असली तरी ते आधी टकटक करायचे आणि हे वाक्य म्हणायचे. घरात दोन मुली एकट्या असतात, दचकायला नको, म्हणून. आई-बाबा दोघंही गेल्यामुळे हे आम्हा दोघींशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही. आम्ही हसलो आणि मग थोडा वेळ दोघीही खोकी उघडण्यात गुंतलो.

प्रकाशनसंस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मालकीणबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. माझं पद ‘पहिली वाचक’. भयकथांची जी बाडं येतात ती आधी मी वाचायची. भुताखेतांची पुस्तकं वाचते म्हणून आईची जन्मभर बोलणी खाल्ली, आता त्याचाच पगार मिळणार. आधीची वाचक का गेली, असं मी मुद्दाम विचारलं. मला वाटलं, सांगतील की ती एके दिवशी आलीच नाही, टेबलावर चहा तसाच होता. बाई म्हणाल्या, तिची आई वारली, मग ती गावी निघून गेली. इतकं साधं उत्तर ऐकून जरा हिरमोडच झाला.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

इथली पद्धत मला पसंत आहे. वाचकाने लेखकाला भेटायचं नाही, बोलायचं नाही. बाड वाचायचं आणि जे आधी कुठेतरी वाचलंय, कुणाकडून तरी उचललंय असं वाटेल, तिथे समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहायचा: शिळं. फार तर पुढे एखादं वाक्य. खुणा केलेलं बाड लेखकाकडे जातं आणि त्याने खुणेची प्रत्येक जागा बदलून द्यायचीच. जिथे खूण नाही तिथे त्याने हात लावायचा नाही.

आणखी एक नियम आहे. एकदा केलेली लाल खूण वाचकाने मागे घ्यायची नाही. पूर्वी इथे एक वाचक होते. लेखक रडला की ते विरघळायचे आणि खुणा खोडत बसायचे, म्हणून बाईंनी हे ठरवलं. मी कुणाच्या रडण्याने विरघळणारी नाही, तेव्हा मला हा नियम काही जड जाणार नाही.

पहिलं बाड मिळालं. लेखकाचं नाव नाही. दाराच्या पेटीत कुणीतरी टाकून जातं म्हणे. रोजनिशीच्या रूपातली भयकथा आहे.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

दोन दिवसांत बाड संपवलं. लेखकाचं बारसं मी ‘उसनेबुवा’ असं केलं आहे, कारण गृहस्थांनी स्वतःचं म्हणून एक ओळ लिहिलेली नाही. दोन बहिणी नव्या घरात राहायला येतात. थोरली रोजनिशी लिहिते. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटतात. आरशात मागे कुणीतरी दिसतं. भिंतीतून रडणं ऐकू येतं. सगळं मी शाळेत असताना वाचलेलं आहे, आणि तेव्हाही ते नवं नव्हतं. माझी पेन्सिल निम्मी झिजली.

मी नेहमी शेवट आधी वाचते. चोरी कुठून आणली ते शेवटात लगेच कळतं. इथे शेवट असा: दाराबाहेर ‘ते’ येऊन उभं राहतं, थोरली लिहीत असते आणि रोजनिशी अर्ध्या वाक्यात तुटते. मग धाकटी बाहेरून सुखरूप घरी येते आणि तिला उघडी वही सापडते. मी दोन खुणा केल्या. वहीपाशी लिहिलं: शिळं. दारात काही उभं असताना कोणती शहाणी बाई लिहीत बसते? आणि धाकटीपाशी लिहिलं: शिळं. धाकटी नेहमीच वाचते. बदला.

आज ठकीची सुट्टी. तिचं दुकान गुरुवारी बंद असतं. संध्याकाळी तिला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली, पण शेवटाची खूण ऐकून तिने गाल फुगवले. म्हणाली, “त्या बिचारीचा जीव वाचतोय तर तुझं काय जातंय?” मी म्हटलं, नियम तो नियम. दोन बहिणी म्हणजे आपण दोघी, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, दोन बहिणींच्या गोष्टी गाडीभर मिळतील, तू स्वतःला फार समजू नकोस.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

उसनेबुवांनी दुरुस्त केलेली पहिली प्रकरणं आली. चटकन काम केलं म्हणून आधी कौतुकच वाटलं.

ओली पावलं गेली आहेत. त्या जागी हे आहे: भर दुपार, थोरली स्वयंपाकघरात आहे आणि दाराच्या चौकटीवर कुणीतरी किल्ली वाजवतं. मग दाराबाहेरून शांत, ओळखीचा आवाज येतो. घाबरू नका, मीच.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. टेबलावर ऊन होतं, पलीकडे अक्षरजुळणीवाले काका कुणाशी तरी फोनवर भांडत होते. मग मन ताळ्यावर आणलं. असे वडील काय माझ्या एकटीचेच असतील? चौकटीवर किल्ली वाजवणारे अनेक असतील. वाक्यही साधंच आहे, कुणाच्याही तोंडी येईल.

खरं सांगायचं तर पान फार चांगलं उतरलं आहे. माझ्यातल्या वाचकबाईला आवडलं, याची मला लाज वाटते. त्या पानावर मला खूण करता आली नाही.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आज आणखी पानं. आरसा गेला. त्याऐवजी दाराबाहेर रोज पुरुषाच्या चपलांचा एक जोड असतो. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली.

बाबा डाव्या पायाने किंचित फेंगडे चालायचे. प्रत्येक नवी चप्पल वर्षभरात तशीच व्हायची आणि आई म्हणायची, तुमच्या चपला चोरसुद्धा नेणार नाही. हे कुणाला कसं कळेल? मी कुठे बोलले नाही, कुठे लिहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा दाराबाहेर काहीच नव्हतं. चप्पल नाही, काही नाही. मी सुस्कारा टाकून आत गेले. ठकी सुट्टी म्हणून दिवसभर घरीच होती. केस विंचरता विंचरता तिने सहज सांगितलं की दुपारी दारावर टकटक झाली. चौकटीवर, किल्लीची. तिने कोण म्हणून विचारलं तर उत्तर आलं नाही. उघडून पाहावंसं वाटलं, तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि राहून गेलं.

भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही गं, उलट बरं वाटलं.

मला तिच्या त्या उत्तराची जास्त भीती वाटली. बाडात आलेल्या नव्या पानांतलं मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

अक्षरजुळणीवाल्या काकांना गाठलं. आधीच्या वाचकबाईंनी शेवटचं कोणतं बाड वाचलं, ते विचारलं. काकांना गोष्टी आठवत नाहीत. ते म्हणतात, मी अक्षरं लावतो, वाचत नाही. तरी डोकं खाजवून म्हणाले, अशीच कुणाची तरी रोजनिशी होती, पण त्यात बहिणी नव्हत्या, आई नि मुलगी होती. पानं लावायला घेतली आणि तेवढ्यात त्या बाईंची आई गेली. मग लेखकाने बाड परत नेलं. मालकीणबाई फार हळहळल्या होत्या, शेवट अप्रतिम जमला होता म्हणे.

मी विचारलं, त्या शेवटात आईचं काय झालं होतं? काकांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मग म्हणाले, तेवढं मात्र आठवतं, कारण मी ते पान दोनदा लावलं. आई मेली होती.

म्हणजे बाड तेच आहे. वाचक बदलली की ते पुन्हा जुनं, उसनं, निरुपद्रवी होऊन येतं. त्यातली माणसं तेवढी वाचकाच्या घरची होतात. मग वाचक हसते, खुणा करते, आणि जिथे जिथे ती शिळं म्हणते तिथे तिथे ते तिच्याच घरातलं काहीतरी उचलून भरतं.

आणि शेवटावर मी काय लिहून ठेवलंय? धाकटी नेहमीच वाचते. बदला.

सोमवार, १८ फेब्रुवारी

बाईंना म्हटलं, शेवटाच्या दोन खुणा मला मागे घ्यायच्या आहेत. त्यांनी नियम सांगितला. मग मी सगळं सांगितलं. बाबा, किल्ली, चपला, ठकी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, वाचकाला इतकं आपलं वाटलं म्हणजे पुस्तक जमलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. इतक्या वर्षांत असं बाड आलं नाही, असं त्या म्हणत होत्या.

दारातल्या पेटीत मी चिठ्ठी टाकली. शेवट होता तसाच ठेवा, माझी चूक झाली, हात जोडते.

संध्याकाळी निघताना पेटी उघडली. चिठ्ठी परत आली होती. समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द होता. माझाच शब्द.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

शेवटचं प्रकरण आलं.

गुरुवार दुपार. थोरली कचेरीत बसून रोजनिशी लिहिते आहे. आज काहीच घडलं नाही, असं ती लिहिते आणि पूर्णविराम देऊन वही मिटते. त्याच वेळी घरी धाकटी एकटी आहे. किल्ली वाजते. घाबरू नका, मीच. धाकटीच्या चेहऱ्यावर आनंद पसरतो. ती धावत जाऊन दार उघडते. पुढे एक परिच्छेद आहे, तो मी इथे उतरवणार नाही.

लाल पेन्सिल उचलली आणि त्या पानावर आडवं लिहिलं: हेही उसनंच आहे. माझ्याकडून घेतलेलं. इतकं दाबून लिहिलं की टोक मोडलं.

बुधवार, २० फेब्रुवारी

ठकीला पानं वाचायला दिली. वाटलं, घाबरेल आणि ऐकेल. ती रडली, पण घाबरली नाही. म्हणाली, ताई, पण खरंच बाबा असले तर?

मी म्हटलं, ते बाबा नाहीत. ती म्हणाली, तुला कसं माहीत? मी ओरडले. तीही ओरडली. बाबांच्या शेवटच्या आजारात ती परीक्षेसाठी बाहेर होती आणि मी तिला वेळेवर कळवलं नाही, हे तिने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज बोलली.

ती उघडणार. एवढं मला कळलं. किल्ली वाजली की ती दार उघडणार.

तिच्या दुकानाच्या मालकांना फोन केला. उद्या सुट्टी असली तरी तिला काहीतरी काम काढून बोलवा, संध्याकाळपर्यंत सोडू नका, असं विनवलं. भले गृहस्थ, कारण विचारलं नाही. ठकी झोपल्यावर तिच्या पर्समधली घराची किल्ली काढून घेतली. म्हणजे उद्या ठकी आली तर घंटी वाजवेल. किल्ली वाजली तर ती ठकी नाही.

पण पुरेल का एवढं? मनाला पटत नाही —

गुरुवार, २१ फेब्रुवारी. सकाळ

ठकी कुरकुरत गेली. माझ्याशी बोलली नाही. जिन्यातून वळून पाहिलं मात्र.

मी कचेरीत कळवलं, येत नाही. उसनेबुवांच्या शेवटात मी कचेरीत आहे. तर मी घरीच बसणार.

विचार करकरून एक गोष्ट सापडली आहे. त्याचा शेवट खरा व्हायचा तर माझी रोजनिशी पूर्णविरामाने संपली पाहिजे. मी टेबलाशी, सुखरूप, वही मिटलेली. तरच धाकटी मरते. जुन्या शेवटात वही तुटते आणि धाकटी वाचते. दोन्ही एकदम होऊ शकत नाहीत.

वही माझी आहे. ती कशी संपवायची ते मी ठरवणार.

दुपार

साखळी लावून दारासमोर खुर्ची घेतली आहे. वही मांडीवर. बाहेर चांगलं ऊन आहे. खाली कुणाचीतरी पोरं खेळतायत. इतकी साधी दुपार आहे की स्वतःचंच हसू येतंय.

जरा वेळाने

कठडा वाजला. खालून वर, हळूहळू, कुणीतरी किल्ली घासत येतंय.

थांबलं.

चौकटीवर टकटक —

घाबरू नका, मीच. तोच आवाज. तंतोतंत तोच. माझे डोळे भरून आले. ठकीला नावं ठेवली मी, पण मलाही उठून धावावंसं वाटलं. दाराखालच्या फटीत सावली आहे. दोन चपला. डाव्या चपलेची टाच —

उघडायचं नाही. लिहीत राहायचं. अक्षर वाकडं येतंय, वाचता येईल ना —

तसंच उभं आहे. पुन्हा बोललं नाही. ते माझ्यासाठी आलेलंच नाही. ते वाट बघतंय.

कुणाची ते —

खाली ठकीचा आवाज. पोरांशी काहीतरी बोलते आहे. का आली ही. मालकांनी सोडली कशी. किल्ली सापडली नाही म्हणून परत — माझी चूक, किल्ली मीच —

जिना चढते आहे. खालून हाक मारली. मला नाही. तिने बाबा म्हणून हाक मारली. तिला चपला दिसल्या असणार —

दाराखालची सावली वळली. जिन्याकडे —

साखळी काढली आहे. वही हातात आहे. उभ्या उभ्या लिहितेय. दारात काही उभं असताना कोणती शहाणी बाई लिहीत बसते, विचारलं होतं ना मी. अशी बसते —

दार उघडलं तर ते माझ्याकडे वळेल. वळायलाच हवं. वही मिटायची नाही. पूर्णविराम द्यायचा नाही —

ठकी, वही तुला उघडीच सापडेल. शेवट शिळाच ठेवला आहे. रागवू नकोस. तूच म्हणाली होतीस, त्या बिचारीचा जीव वाचतोय तर माझं काय जा